मतपेटी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मतदान यंत्रावर झालं तरी पेपरात मथळा येतो तो ‘उमेदवारांचं भवितव्य मतपेटीत बंद’ असाच. पेटी गेली, शब्द मागे राहिला, असं अनेकांना वाटतं. पण पेटी गेलेली नाही. मी शिक्षक आहे आणि निवडणुकीची ड्यूटी आमच्या पाचवीलाच पुजलेली. पेटीवरच्या निवडणुका केल्या, यंत्रावरच्याही केल्या. साखर कारखान्याच्या नाहीतर पदवीधरच्या निवडणुकीला पहिल्यांदाच ऑर्डर आलेले तरुण सहकारी जे विचारतात, आणि रांगेत उभे मतदार जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय.

सगळीकडे यंत्रं आली. मग मतपेटी वापरतात तरी कुठे?

लोकसभा, विधानसभा, महापालिका, जिल्हा परिषद यंत्रावर होतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतसुद्धा. लोकसभेची अख्खी निवडणूक यंत्रावर झाली ती पहिल्यांदा २००४ साली.

पेटीचं आजचं खरं माहेर म्हणजे सहकार. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, बाजार समिती, पतसंस्था इथे मतपत्रिका, शिक्का आणि पेटी असंच चालतं. कारखान्याच्या मतदाराच्या हातात एकदम चार-पाच रंगांच्या पत्रिका पडतात: गटाची एक, महिला राखीवची एक, इतर मागासांची, अनुसूचित जाती-जमातीची, भटक्या-विमुक्तांची. प्रत्येकीवर किती शिक्के मारायचे ते वेगळं. म्हणून तर प्रचारात ‘पॅनल टू पॅनल मारा’, म्हणजे सगळे शिक्के एकाच पॅनलला, हे वाक्य कानीकपाळी ओरडून सांगावं लागतं.

दुसरं ठिकाण विधान परिषद. महाराष्ट्रात तिच्या ७८ जागा. त्यातल्या १२ राज्यपालनियुक्त सोडल्या तर उरलेल्या ६६ जागी, निवडणूक बिनविरोध झाली नाही तर, माणूस पेटीतूनच निवडून येतो: विधानसभेच्या आमदारांकडून ३०, स्थानिक संस्थांकडून २२, पदवीधर ७ आणि शिक्षक ७. राज्यसभा, राष्ट्रपती, उपराष्ट्रपती यांचीही तीच गोष्ट. विद्यापीठाच्या अधिसभेचा पदवीधर गट आहे, वकिलांची बार कौन्सिल आहे. गोव्यात ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामपंचायतींचं मतदानही कागदावरच झालं.

पेटीला बाहेरून कुलूप दिसत नाही. मग ती बंद कशी होते?

हा प्रश्न पेटी ताब्यात घेताना साहित्य वाटपाच्या मांडवातच येतो. जुनी पोलादी पेटी असेल तर तिच्या झाकणाला एक फट आणि एक छोटी खिडकी असते. झाकण उघडायची कळ आतल्या बाजूला. तिथवर बोट पोचायचं तर वाटेत कागदी सील आडवं येतं. म्हणजे सील फाडल्याशिवाय झाकण उघडत नाही, आणि फाडलेलं सील लपवता येत नाही. सगळी करामत एवढीच. चोराला अडवण्यापेक्षा चोरी उघडी पाडण्यावर या पेटीचा भर आहे. नियमही तेवढंच मागतो: कागद आत जावा, पण पेटी उघडल्याशिवाय बाहेर येऊ नये.

नंतरच्या मोठ्या पेट्यांना बाहेरून कडी असते, तिला तार किंवा दोरा आणि त्यावर लाख. मेणबत्ती, काडेपेटी, लाखेची कांडी आणि पितळी मोहोर हे साहित्याच्या पिशवीत आहे का, ते मांडवातच बघून घ्या. गावात पोचल्यावर रात्री नऊला काडेपेटी शोधत फिरलेले केंद्राध्यक्ष मी पाहिलेत.

आणखी एक: पेटी तिथल्या तिथे दोनदा उघडून-मिटून बघा. गोदामात पाच वर्षं पडलेली कळ गंजते. सकाळी सात वाजता उमेदवारांच्या एजंटांसमोर ती अडकली की जो घाम फुटतो तो ज्याचा त्यालाच ठाऊक.

मतदान सुरू होण्याआधी नेमकं काय करायचं?

पेटी रिकामी दाखवायची. बाकी सगळं यानंतरचं.

उमेदवारांचे प्रतिनिधी हजर असतात. त्यांच्यासमोर झाकण उघडून पेटी आडवी करायची, उलटी करायची, आत हात फिरवायचा. कुणाला स्वतः हात घालून बघायचं असेल तर बघू द्यायचं. मग आत एक चिठ्ठी टाकायची: मतदारसंघ, केंद्राचा क्रमांक, पेटीचा क्रमांक, तारीख. तसाच मजकूर बाहेरच्या चिठ्ठीवर. कागदी सीलवर केंद्राध्यक्षाची सही, आणि ज्या प्रतिनिधींना हवी त्यांच्याही सह्या. सीलचा नंबर त्यांना उतरवून घ्यायला सांगायचा. हुशार एजंट तो तळहातावर पेनाने लिहून घेतो, कारण चिठ्ठी हरवते. मग झाकण बंद, फट उघडी, आणि पेटी अशा जागी ठेवायची की केंद्राध्यक्षाला आणि एजंटांना दिसेल, पण शिक्का मारणारा मतदार दिसणार नाही.

यंत्र आल्यावर याच विधीचं नाव ‘मॉक पोल’ झालं. निदान पन्नास मतं देऊन, मोजून, पुसून, आकडा शून्य झाल्याचं दाखवायचं. उलटी केलेली पेटी बघून जो भरवसा निरक्षर माणसालाही यायचा, तो पडद्यावरच्या शून्याने येतो का, यावर वाद आहे. मला विचाराल तर यंत्रावरच्या बहुतेक वादांचं मूळ इथेच आहे. पेटी रिकामी आहे हे बघायला डोळे पुरत होते.

पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती म्हणतात. खरं का?

अगदी खरं. १९५१-५२ ची सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला हिमाचलच्या डोंगरात सुरू झाली आणि पुढे चारएक महिने चालली. मतदार सतरा कोटींवर, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन आणि त्यांच्या माणसांनी तोडगा काढला तो असा की मतपत्रिकेवर नावंच छापायची नाहीत. एक रुपयाच्या नोटेएवढा कागद, नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात नोटांसारखाच बंदोबस्तात छापलेला. पडद्यामागे उमेदवारांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर निशाणी चिकटवलेली. आपल्या निशाणीच्या पेटीत कागद टाकायचा. शिक्का नाही, फुली नाही.

म्हणजे जितके उमेदवार तितक्या पेट्या, आणि त्या देशभरातल्या प्रत्येक केंद्रावर. वीस लाखांहून जास्त पोलादी पेट्या लागल्या. त्यातल्या बारा लाखांवर मुंबईत, विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या, काही महिन्यांत. तेव्हाचं विक्रोळी म्हणजे नुसती झाडी आणि खाजण. बाहेरून कुलूप लावायचं तर पेटी महाग पडत होती, म्हणून कळ आत घ्यायची कल्पना निघाली. वर सांगितलेली आतली कळ ती हीच. पुढच्या काळात तालुक्यांच्या गोदामांत जी पेटी पिढ्यान्‌पिढ्या फिरली तीही याच घाटाची.

लोकांनी त्या पेट्यांचं काय काय केलं, ते वाचायला गंमत वाटते. काहींनी पेटीची पूजा केली. मोजणीला पेट्या उघडल्या तेव्हा मतपत्रिकांबरोबर अर्ज-विनंत्या, नाणी, नोटा आणि सिनेनटांचे फोटोही निघाले. देवाच्या दानपेटीत आणि सरकारच्या मतपेटीत फरक तो काय, असा हिशेब असावा. आणि खरं सांगायचं तर अर्जाचं म्हणाल तर तो फारसा चुकलेलाही नव्हता.

याच पद्धतीचा मुंबईतला एक कडू प्रसंग आहे. तेव्हा काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या असत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक वाया. उत्तर मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजार मतांनी पडले, आणि त्या मतदारसंघात बाद ठरलेल्या मतांचा आकडा होता ७४,३३३. मतं मुद्दाम वाया घालवायला लावली, असा आरोप करत बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणुकीला आव्हान दिलं होतं. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले.

मग ती पद्धत बंद का झाली?

१९५७ पर्यंत चालली. पण पडद्यामागे मतदार एकटा आणि समोर पेट्यांची रांग, म्हणजे एका पेटीतून कागद ओढून दुसरीत टाकणं, मतपत्रिका खिशात घालून बाहेर विकणं, निशाणी फाडणं या सगळ्याला मोकळं रान. शिवाय इतक्या पेट्या बैलगाडीतून न्यायच्या. साठच्या सुमाराला केरळ आणि ओडिशात शिक्क्याची पद्धत वापरून बघितली आणि १९६२ पासून ती सगळीकडे आली: सगळ्यांची नावं एका पत्रिकेवर, शिक्का आडोशाला, आणि पेटी एकच, उघड्यावर.

जुन्या पद्धतीची आठवण जगात एका ठिकाणी अजून दिसते. आफ्रिकेतल्या गांबियात प्रत्येक उमेदवाराचा वेगळा पिंप असतो आणि मतदार त्यात काचेची गोटी टाकतो. आत घंटा असते. दोनदा वाजली की समजायचं, कुणीतरी दोन गोट्या टाकल्या.

शिक्का स्वस्तिकासारखा का असतो? आणि घडी कशी घालायची?

ते स्वस्तिक नाही, बाणांची फुली आहे. चारही टोकं एकाच दिशेने वळलेली. ओली शाई घडी घातल्यावर समोरच्या भागावर उमटते, पण आरशातल्यासारखी, उलट्या दिशेने वळलेली. मोजणीच्या टेबलावर खरा शिक्का कुठला आणि डाग कुठला, ते यावरून ओळखतात. साध्या फुलीत ते कळलं नसतं.

घडी आधी उभी, मग आडवी. मतदाराला कागद देतानाच तशी घडी घालून, उलगडून द्यायची म्हणजे तो त्याच खुणेवर दुमडतो. उमेदवारांची नावं एकाखाली एक असतात, त्यामुळे आधी आडवी घडी घातली तर एका उमेदवाराची शाई थेट दुसऱ्याच्या नावावर बसते. घडीमुळे पडलेल्या डागासाठी मत बाद करायचं नसतं, पण टेबलावर एजंट वाद घालतातच.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात शिक्का का नसतो?

तिथे पसंतीक्रम लिहायचा असतो. १, २, ३ असे आकडे, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच. ‘एक’ असं अक्षरात लिहिलं, बरोबरची खूण केली, दोघांपुढे १ लिहिला किंवा खाली झोकात सही ठोकली तर मत बाद. आता गंमत बघा. कारखान्याच्या निवडणुकीत अंगठेबहाद्दर आजोबा पाच रंगांच्या पत्रिका बिनचूक भरून जातात, आणि पदवीधर मतदारसंघात बाद मतं हजारांत निघतात. मतदार सगळे पदवीधर! मला वाटतं, आपल्याला सगळं येतं असं वाटणारा माणूस सूचना वाचत नाही.

मोजणीला वेळ लागतो तो कोट्यामुळे. एकाच जागेसाठी वैध मतं समजा १,००० असली तर निम्मी अधिक एक, म्हणजे ५०१ हा कोटा. पहिल्या पसंतीत कुणी तिथे पोचला नाही तर सर्वांत खालचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या पत्रिका दुसऱ्या पसंतीनुसार वाटायच्या. मग पुढचा. उमेदवार चाळीस-पन्नास असले की रात्र सरते, चहाचे थर्मास रिकामे होतात आणि दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडते.

उमेदवार खूपच असतील तर पत्रिका पेटीत मावते का?

मावायची नाही, म्हणून पेट्या मोठ्या कराव्या लागत. याचं आपल्या जवळचं उदाहरण बेळगाव. १९९६ च्या लोकसभेला तिथे ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने ही फौज उभी केली होती. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० आणि तमिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते. मतपत्रिकेची वहीच झाली. सरकारने यावर काढलेला उपाय सरकारी थाटाचाच: त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपये केली.

मतदान चालू असताना पेटी भरली तर?

फूटपट्टीने हलकेच दाबून जागा होते, पण हे सर्वांसमोर करायचं. तरी भरली तर पहिली पेटी बंद करून, फट मिटवून, सील करून मगच दुसरी उघडायची. दुसरीलाही रिकामी दाखवण्यापासूनचे सगळे सोपस्कार. भरलेली पेटी नजरेआड करायची नाही. दोन पेट्या एकाच वेळी चालवायच्या नाहीत, कितीही गर्दी असो.

माझ्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं. मला दिलेलं मत पेटीत जातं का?

नाही, आणि हे लोकांना पटवणं अवघड जातं. तुमची ओळख पटली तर तुम्हाला मतपत्रिका मिळते, पण ती ‘प्रदत्त मत’ ठरते. ती पेटीत न टाकता केंद्राध्यक्षाच्या हातात द्यायची. तो ती वेगळ्या पाकिटात ठेवतो, आणि ती साध्या मोजणीत येत नाही. पुढे कोर्टकचेरी झाली आणि फरक दोन-चार मतांचा असला तरच त्या पाकिटाला किंमत. चिडून ती पेटीत कोंबायला जाऊ नका. मतपत्रिकांचा हिशेब एकाने चुकतो आणि संध्याकाळी त्यावरून सगळं केंद्र अडकून पडतं.

मी कुणाला मत दिलं, हे मतपत्रिकेच्या नंबरावरून कळतं का?

कागदोपत्री शक्य, व्यवहारात नाही. पत्रिकेवर अनुक्रमांक असतो आणि स्थळप्रतीवर, म्हणजे पत्रिका फाडून दिल्यावर मागे राहणाऱ्या भागावर, तुमचा यादीतला क्रमांक. दोन्ही जुळवली तर कळेल. म्हणून स्थळप्रती वेगळ्या सीलबंद पाकिटात जातात आणि कोर्टाच्या हुकुमाशिवाय ते पाकीट उघडता येत नाही. ‘आम्हाला कळतं कोणी कुठं मारलंय’ म्हणणारा गावपुढारी थापा मारत असतो, निदान याबाबतीत.

मोजणीआधी वेगवेगळ्या पेट्यांतली मतं एकत्र का करतात?

माझ्या मते मतपेटीचा खरा गुण हाच, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

गुप्त मतदान म्हणजे एका माणसाचं मत गुप्त, एवढंच आपण धरतो. पण वस्तीचं काय? एका केंद्रावर चारशे मतदार, त्यातले तीनशे एकाच आळीतले. त्या केंद्राची पेटी वेगळी मोजली तर आळीने कुणाला मत दिलं ते उघड होतं. मग पुढची पाच वर्षं त्या आळीला रस्ता नाही, नळ नाही. हे काल्पनिक नाही, गावात राहिलेल्या कुणालाही विचारा.

पेट्यांच्या काळात यावर सोपा इलाज होता. प्रत्येक पेटीतली पत्रिका आधी नुसती मोजायची, केंद्राध्यक्षाने लिहिलेल्या हिशेबाशी ताळा जमवायचा, त्यांचे गठ्ठे करायचे आणि मग अनेक केंद्रांचे गठ्ठे एका मोठ्या पिंपात टाकून सरमिसळ करायची. निवडणूक नियमांत तशी तरतूद आहे आणि आयोगाने सांगितलं की ते करावं लागे. त्यानंतर कुणाचं मत कुठल्या गावचं, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे. यंत्र आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतंत्र येऊ लागला, आणि कार्यकर्ते निकालाच्या दिवशी वहीत लिहून घेतात: अमुक शाळा, खोली दोन, आपल्याला एवढी, त्यांना एवढी. अनेक यंत्रांची बेरीज एकदम करणारं जोडयंत्र सुचवलं गेलं होतं, पण ते वापरात आलं नाही. यंत्राच्या बाजूने आणि विरोधात एवढं बोललं जातं, पण ही गेलेली सरमिसळ कुणाच्या फारशी लक्षातच नाही.

पारदर्शक पेटी का वापरत नाहीत?

फ्रान्समध्ये पेट्या पारदर्शक असतात, कायद्यानेच. अमेरिकेत १८५६ साली सॅन फ्रान्सिस्कोत खोटा तळ असलेली पेटी सापडली. आत आधीच मतं भरलेली! त्यानंतर तिकडे काही काळ काचेचे गोळे वापरले गेले. आपल्याकडे पोलाद आलं ते टिकाऊपणासाठी, आणि इथे कागद दुमडूनच टाकतील याची हमी नव्हती म्हणून तेच बरं, असं माझं मत.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पेटीला विमानाचं तिकीट काढतात, हे खरं?

खरं. राज्यांच्या विधानभवनात आमदारांचं मतदान झालं की पेट्या दिल्लीला जातात. २०२२ साली १८ जुलैला मतदान झालं. त्यासाठी पेट्यांनी विमानप्रवास केला तो अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर बसून, ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाच्या तिकिटावर. सामानात टाकायची नाही, नजरेसमोर ठेवायची, एवढाच हेतू. खासदारांची पत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ धरतात.

राज्यसभेला मत दाखवून टाकतात. मग पेटीला अर्थ काय?

२००३ च्या दुरुस्तीपासून तिथे मतदान खुलं आहे. पेटीत टाकण्याआधी आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. आपल्याच, दुसऱ्या कुणाला नाही. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका आमदाराचं मत याच कारणावरून बाद झालं. त्याआधी २०१६ साली हरियाणात वेगळ्याच पेनाने लिहिल्यामुळे मतं बाद झाली होती, तेव्हापासून पेनाची काळजी जास्त घेतात. पेटी इथे फक्त जमा करायची जागा उरते.

गोव्याचा जनमत कौलही पेटीतूनच झाला ना?

हो. १६ जानेवारी १९६७. प्रश्न एकच: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. उमेदवार नव्हते, म्हणून पर्यायांनाच निशाण्या दिल्या: विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. कौल नि:पक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं. पेट्यांतून निघालं ते असं: फूल १,३८,१७०, दोन पानं १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. दोन्ही बाजूंचे म्हातारे अजून त्यावर तावातावाने बोलतात.

पेटी पळवली किंवा आत पाणी-शाई ओतली तर?

केंद्राध्यक्षाने मतदान थांबवून वर कळवायचं. त्या केंद्रावर फेरमतदान होतं. आयोग परिस्थिती बघून आणखी कडकही वागू शकतो. केंद्र बळकावणं हा १९८९ पासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये पश्चिम बंगालच्या पंचायत निवडणुकीत लोक पेटी घेऊन पळताना आणि पेट्या तळ्यात पडलेल्या साऱ्या देशाने बघितल्या.

म्हणजे कागदाची निवडणूक जास्त सुरक्षित, असं म्हणता येत नाही?

नाही. पेटीला हात नसतात, पण तिच्याभोवती असतात. चंडीगडच्या महापौरपदाची निवडणूक घ्या. ३० जानेवारी २०२४, अवघी ३६ मतं. मोजणीच्या वेळी खुद्द पीठासीन अधिकाऱ्यानेच आठ पत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या आणि हरलेला उमेदवार विजयी जाहीर झाला. वर कॅमेरा होता. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ती आठही मतं ग्राह्य धरून निकाल फिरवला. तेव्हा पेटीही होती, सीलही होतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या: चोरी झाली ती साध्या डोळ्यांना दिसली, आणि पुरावा म्हणून कागद हातात होता.

मग मतपेट्या परत येतील का?

विधानसभा निकालानंतर डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं होतं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्याआधी २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतदानाकडे परत जाण्याची मागणी फेटाळली होती. लोकसभा-विधानसभेत पेटी लवकर परत येईल असं मला दिसत नाही. माझं मत मागाल तर दोन्हीकडे राबलेला माणूस म्हणून सांगतो: यंत्रामुळे बाद मतं गेली आणि रात्र-रात्र चालणारी मोजणी गेली, हे मोठं काम झालं. पण उलटी करून दाखवलेल्या पेटीएवढी सोपी खात्री यंत्राला अजून सापडलेली नाही.

चोळकाळात तमिळनाडूत मतपेटी होती म्हणतात...

उत्तरमेरूरच्या मंदिरातले दहाव्या शतकातले शिलालेख दाखवून हे हमखास सांगितलं जातं. तिथे ताडपत्रावर नावं लिहून मडक्यात टाकत आणि लहान मुलाकडून एक उचलून घेत. ती सोडत होती, मतदान नव्हे. मडकं मात्र रिकामं दाखवून मगच चिठ्ठ्या टाकत असतील, अशी माझी आपली कल्पना.

मोजणी संपल्यावर पेटीचं काय होतं?

आत एखादी पत्रिका कोपऱ्यात चिकटलेली नाही ना, हे एजंटांना दाखवायचं. पुन्हा आडवी, पुन्हा उलटी, सकाळसारखीच. पत्रिका सीलबंद पाकिटांत जातात आणि ठरलेल्या मुदतीनंतर, कोर्टात काही चालू नसेल तर, नष्ट होतात. पेटीवरच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने काढायच्या, लाख खरवडायची, कळीला तेलाचा थेंब सोडायचा आणि पावती घेऊन पेटी जमा करायची. पावती घ्यायला विसरू नका. एका निवडणुकीनंतर ‘तुमची एक पेटी कमी आहे’ अशी नोटीस मला आली होती. पेटी गोदामातच होती, दुसऱ्या केंद्राच्या ढिगात. आतली चिठ्ठी काढायची राहिली होती म्हणून सापडली.